शाल शेवटी, नोंद आधी : रहिवासी संघाच्या जुन्या कार्यकर्त्याचा सत्कार कसा करावा

घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करून आपली गल्ली आपणच राखायला सुरुवात केली. तो प्रयोग पाहून मुंबई महापालिकेने १९९७ च्या सुमारास प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना आणली. लोक तिला एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणूनच ओळखतात. मग शहरात ठिकठिकाणी असे गट उभे राहिले. तेव्हा नोकरी सांभाळून विभाग कार्यालयात खेटे घालणारी चाळिशीतली माणसं आज सत्तरीत आहेत. कितीतरी ठिकाणी अध्यक्ष किंवा सचिव वीस-पंचवीस वर्षं तेच, किंवा त्याच, आहेत. कुणाला आता जिने चढवत नाहीत. कुणाची इमारत पुनर्विकासाला गेली आणि ते भाड्याच्या घरात दुसऱ्या उपनगरात राहायला गेले. ‘त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं’ असं प्रत्येक संघात कुणीतरी म्हणतंच. त्यातून बहुतेक वेळा निघतं ते म्हणजे एक शाल, एक नारळ आणि कुणालाही लागू पडतील अशी पाच भाषणं.

सत्काराचं खरं काम कार्यक्रमाच्या दोन महिने आधी सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. या माणसाने नेमकं काय केलं ते शोधायचं, तपासायचं आणि लिहून काढायचं. बिनपगारी काम करणाऱ्याला लोक धन्यवाद देतात, पण आपण काय केलं हे कुणी बारकाईने पाहिलंय असं त्याला क्वचितच वाटतं. पाणी वेळेवर आलं की त्यामागची खटपट कुणाला दिसत नाही. ती दिसेल अशी मांडणं हाच सन्मान. खाली जे लिहिलंय ते मुंबईच्या गल्ल्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. पुणे, ठाणे, नाशिकमध्ये कार्यालयांची नावं बदलतील, कामाची रीत हीच राहील.

दिवस ठरवताना

पहिली गोष्ट, उशीर करू नका. ज्याचा सत्कार करायचा त्याला ऐकू येतंय, माणसं ओळखू येताहेत, दोन शब्द बोलता येताहेत, तोवरच त्याला अर्थ आहे. शोकसभेत सांगितलेल्या आठवणी कितीही चांगल्या असल्या तरी ज्याच्यासाठी सांगायच्या तो त्या ऐकत नसतो.

निमित्त शोधावं लागत नाही. पंचाहत्तरी असते, पदावरून निवृत्ती असते, संघाची पंचवीस वर्षं असतात. काही नसेल तर १ मे किंवा कोजागिरीला जोडून घ्या. दिवाळी ते होळी हा काळ सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत, गणपतीत कार्यकर्ते मोकळे नसतात, एप्रिल-मेमध्ये अर्धी गल्ली गावाला असते. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर तो काळही टाळा. कार्यक्रम तुमचा असला तरी त्याचा वापर कुणाच्या प्रचारासाठी झालाय का, या चर्चेत सत्कारमूर्तींचं नाव यायला नको.

त्यांना अचानक धक्का देऊ नका. ‘काका, आम्ही तुमचा सत्कार करतोय’ हे त्यांना आधी कळलंच पाहिजे. मात्र ‘करू का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे, छे, कशाला!’ हेच येणार. म्हणून आधी घरच्यांशी बोला. तब्येत, पथ्य, घरातली दुखणीखुपणी, त्या दिवसांत परदेशातली मुलं येणार आहेत का, ते विचारा. मग दोघा-तिघांनी घरी जाऊन सांगा. ते दुसऱ्यांदाही मनापासून नको म्हणाले तर सभागृहाचा हट्ट सोडा. अशांसाठी खालच्या गोष्टींपैकी नोंद आणि मानपत्र पुरेसं आहे. ते त्यांच्या दिवाणखान्यात, चहा घेता घेता, दहा माणसांत देता येतं.

समिती

पाच ते सात जण बस्स. एक जण लिहिणारा, एक हिशोब पाहणारा, एक जुनं माणूस, एक पंचविशीतलं. आणि शक्य असेल तर एक असा, ज्याचं सत्कारमूर्तींशी वर्षानुवर्षं पटलेलं नाही. पार्किंगवरून, कुत्र्यांना खायला घालण्यावरून, मंडळाच्या मांडवावरून ज्याने त्यांच्याशी भांडण केलं, त्याला त्यांच्या कामाच्या खाचाखोचा सगळ्यात जास्त ठाऊक असतात. त्याने समितीत यायचं कबूल केलं तर तोही एक सन्मानच आहे. पुढचा सचिव होण्याची घाई झालेल्या माणसाकडे मात्र सूत्रसंचालन देऊ नका.

नोंद कशी करायची

सगळा वेळ इथे घालवा. कागदांपासून सुरुवात करा. एएलएम चालवणाऱ्या जुन्या माणसांकडे हमखास एक कपाट असतं. त्यात विभाग कार्यालयाला दिलेल्या पत्रांच्या स्थळप्रती असतात, आवक शिक्का आणि तारखेसह. २००५ च्या कायद्यानंतरचे माहिती अधिकाराचे अर्ज असतात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेले. सभांची इतिवृत्तं, वर्गणीच्या पावत्या, वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणं असतात. परवानगी घेऊन हे सगळं तारखेच्या क्रमाने लावा आणि मोबाइलवर स्कॅन करा. मूळ कागद घरी नेऊ नका, तिथेच बसून काम करा. एका वहीत चार रकाने आखा: साल, तक्रार, कुणाकडे पाठपुरावा केला, शेवटी काय झालं. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘झालं नाही’ असं लिहावं लागलं तर तसंच लिहा. एका फूटपाथसाठी नऊ पत्रं गेली आणि फूटपाथ झालाच नाही, ही नोंदही त्या माणसाच्या चिकाटीबद्दल पुष्कळ सांगते. शिवाय पुढच्या समितीला तिथूनच काम उचलायचं आहे.

कागदांनंतर मुलाखत. एका दमात तीन तास बसवू नका. पाऊण-पाऊण तासाच्या दोन-तीन बैठकी, सकाळच्या चहानंतर, फोनवर आवाज मुद्रित करत. ‘तुमच्या प्रवासाबद्दल सांगा’ असं विचारलंत तर तुम्हाला भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी त्यांच्याबरोबर गल्लीतून चाला. चालवत नसेल तर खिडकीत किंवा गॅलरीत बसा. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून विचारा. हा बदाम कुणी लावला? हे मॅनहोलचं झाकण कधी बदललं? कोपऱ्यावरची कचऱ्याची पेटी तिथून कशी हलली? इथे गतिरोधक कुणाच्या अपघातानंतर आला? जागा समोर असली की आठवणी आपोआप येतात, आणि नेमक्या येतात.

तारखांसाठी सगळ्यांना ठाऊक असलेले दिवस वापरा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री तळमजल्यावरची कुटुंबं कुणाच्या घरी झोपली, दूध आणि पाणी कुठून आलं, हे विचारा. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची औषधांची यादी कुणी केली, ते विचारा. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ वॉर्डांत नगरसेवकच नव्हते. त्या काळात लोकांचे फोन कुणाला जात होते, तेही विचारा. या उत्तरांतून तुमच्या गल्लीचा जो इतिहास निघेल तो कुठेच लिहिलेला नसेल.

मग बाकीच्यांशी बोला, आणि इथे बहुतेक समित्या कमी पडतात. पाणी सोडणारा चावीवाला, घनकचरा खात्याचा मुकादम, झाडू मारणाऱ्या बाई, इमारतीचा जुना वॉचमन, नाक्यावरचा इस्त्रीवाला, भाजीवाली मावशी. अध्यक्षबाई यांच्याशी कशा वागल्या हे यांनीच सांगायचं. सफाई कामगाराला पावसाळ्यात गमबूट मिळावेत म्हणून कुणी पत्र दिलं होतं का? दिवाळीचा फराळ दारात दिला की घरात बसवून? असे दोन-तीन प्रसंग मिळाले की माणूस उभा राहतो.

शेवटी पडताळणी. प्रत्येक मोठ्या कामाला एक कागद किंवा दोन माणसांची आठवण हवी. एका कामामागे चौघं असतील तर चौघांची नावं लिहा, त्यातले दोघं आज हयात नसले तरी. सत्कारमूर्ती स्वतःच सांगतात, ‘अहो, ते मी नाही, ते त्यांनी केलं.’ ते वाक्य कापू नका. लिहून झालेली नोंद त्यांना आणि घरच्यांना आधी वाचायला द्या. कुणाच्या घरची खासगी गोष्ट, भाडेकरूशी झालेला वाद, एखाद्या कुटुंबाला गुपचूप केलेली मदत असं काही त्यांना काढावंसं वाटलं तर कारण न विचारता काढा.

मानपत्र

मानपत्र म्हटलं की हात आपोआप जड शब्दांकडे जातो. ‘आपल्या अथक परिश्रमांनी व निःस्वार्थ सेवाभावाने आपण समाजापुढे आदर्श निर्माण केला आहे.’ हे वाक्य कुणापुढेही वाचता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. एक साधी कसोटी लावा. वरचं नाव झाकून मानपत्र शेजारच्या गल्लीत वाचलं, तर ते तिथल्या अध्यक्षांनाही चालेल का? चालत असेल तर पुन्हा लिहा.

नमुना म्हणून एक परिच्छेद देतो. तपशील अर्थात तुमच्या वहीतले घाला:

‘ताई, गल्लीच्या टोकाच्या तीन इमारतींत पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नव्हतं. आपण आठवडाभर पहाटे उठून प्रत्येक टाकीत पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते वहीत लिहिलंत. ती वही घेऊन आपण पाणी खात्यात गेलात, अभियंत्यांना गल्लीत घेऊन आलात आणि खोदकाम चालू असताना दोन्ही दिवस उन्हात उभ्या राहिलात. त्यानंतर त्या इमारतींत कुणाला कळशी घेऊन खाली यावं लागलेलं नाही. त्या घरांतल्या बायकांनी हे वाक्य इथे लिहायला सांगितलं आहे.’

असे तीन परिच्छेद पुरे. एकूण अडीचशे-तीनशे शब्द, म्हणजे वाचायला तीन मिनिटं. ‘आपण’ हे संबोधन शेवटपर्यंत सांभाळा. मध्येच ‘तुम्ही’, मध्येच ‘त्यांनी’ होऊ देऊ नका. नाव ते स्वतः सही करताना लिहितात तसंच लिहा, आद्याक्षरांसह. नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ लावायचं का, ते त्यांनाच विचारा. छापण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचून शुद्धलेखन तपासा. फ्रेम भिंतीवर लागेल एवढीच करा. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये तीन फुटी चौकट कपाटामागे जाते. खाली पदाधिकाऱ्यांच्या सह्यांऐवजी मागच्या बाजूला घरटी एक सही घेता आली तर फारच छान. सह्या गोळा करायला गल्लीतली मुलं पाठवा. दारोदार जाताना त्यांना घराघरातून गोष्टी ऐकायला मिळतील.

घरातल्या माणसाचा उल्लेख मानपत्रात हवाच, पण ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढ्यावर भागवू नका. रात्री अकराला वाजणारा फोन कोण उचलत होतं? काका ऑफिसात असताना तक्रार घेऊन आलेल्यांना पाणी कोण देत होतं, निरोप कोण लिहून ठेवत होतं? पुष्कळ घरांत अर्धा संघ काकूंनीच चालवला आहे. तसं असेल तर मानपत्र दोघांच्या नावाने काढा.

भेट आणि पैसा

शाल, श्रीफळ आणि फुलं ही आपली रीत आहे, ती पाळावी. शाल मात्र वापरता येईल अशी सुती किंवा लोकरीची आणा. सत्काराच्या चकचकीत शाली पुढच्या सत्काराला जातात.

थैली द्यायची असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. संघ नोंदणीकृत असेल तर त्याचा निधी घटनेत लिहिलेल्या उद्दिष्टांसाठी असतो. तो पदाधिकाऱ्याला भेट म्हणून देऊ नका. वेगळी, ऐच्छिक वर्गणी काढा, तिचा वेगळा हिशोब ठेवा आणि कार्यक्रमानंतर तो फलकावर लावा. कुणी किती दिले ते मात्र जाहीर करू नका. दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रोख भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर ती सगळी रक्कम करपात्र होते. त्यांच्या करसल्लागाराशी आधी बोलून घ्या. आयुष्यभर वर्गणीचा पै-पैचा हिशोब देणाऱ्या माणसाला उतारवयात नोटिशीचा ताप नको.

गरज असेल तर ती घरच्यांकडून हळुवारपणे काढून घ्या. श्रवणयंत्र हवं असतं, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवायच्या असतात, डॉक्टरकडे जायला आठवड्यातून एकदा गाडी हवी असते. असं काही असेल तर ते कार्यक्रमाआधी किंवा नंतर, गाजावाजा न करता करा. व्यासपीठावर त्याचा उच्चारही नको.

बोलावणं आणि व्यासपीठ

महापालिकेतल्या ज्या अधिकाऱ्यांनी खरोखर साथ दिली त्यांना बोलवा, निवृत्त झाले असतील तरीही. चावीवाला, मुकादम आणि सफाई कामगारांना रीतसर छापील निमंत्रण द्या, तेही हातात. त्यांची पाळी कधी संपते ते पाहून वेळ ठरवा आणि पहिल्या दोन रांगांत त्यांच्या खुर्च्या राखून ठेवा. शाल द्यायला कुणाला बोलवायचं यावर समितीत वाद होतोच. माझ्या मते गल्लीतल्या सगळ्यात ज्येष्ठ रहिवाशाने आणि सफाई कामगारांपैकी एकाने मिळून द्यावी.

लोकप्रतिनिधी येत असतील तर स्वागत आहे. पण त्यांना किती वाजता, किती मिनिटं हे पत्रातच लिहून कळवा आणि त्यांची वाट पाहत कार्यक्रम रोखू नका. फ्लेक्स लावू नका. पालिकेच्या परवानगीशिवाय लावलेला फलक बेकायदा ठरतो, आणि ज्यांनी जन्मभर गल्लीतले फलक उतरवायला लावले त्यांचाच चेहरा तसल्या फलकावर झळकणं बरोबर नाही.

कार्यक्रमाचा दिवस

जागा तळमजल्यावर हवी. स्वच्छतागृह जवळ हवं आणि पायऱ्यांना कठडा हवा. व्यासपीठ उंच नको, सत्कारमूर्तींना हातवाली खुर्ची द्या. संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ ज्येष्ठांना बरी पडते. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. रात्री दहानंतर तो वाजवता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. परवाना नसलेल्या जागी, म्हणजे गल्लीत किंवा मैदानात, शंभरहून जास्त माणसं जमणार असतील तर घनकचरा नियमांप्रमाणे पालिकेला कामाचे तीन दिवस आधी कळवावं लागतं आणि कचरा वेगळा करून द्यावा लागतो. थर्माकोलची सजावट आणि ताटं-वाट्या महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. स्टीलचे पेले भाड्याने आणा. ज्यांनी गल्लीला ओला-सुका शिकवला त्यांच्या कार्यक्रमानंतर मागे काळ्या पिशव्यांचा ढीग राहू नये.

क्रम असा ठेवा. स्वागत आणि प्रास्ताविक पाच मिनिटं. नंतर ‘गल्ली तेव्हा आणि आता’ असे जुने-नवे फोटो पडद्यावर दहा मिनिटं, वहीतल्या नोंदी वाचत. मग चार जणांचे अनुभव, प्रत्येकी तीन मिनिटं. त्यांत एक कामगार आणि एक विशीतली व्यक्ती असावी. त्यांना आधी सांगा: एकच प्रसंग, विशेषणं नकोत. मग औक्षण, शाल, मानपत्राचं वाचन. वाचणारा स्पष्ट आणि सावकाश वाचणारा हवा. मानपत्रानंतर लगेच माइक सत्कारमूर्तींकडे द्या. पाहुण्यांची भाषणं मध्ये घातलीत तर त्यांची पाळी येईतो ते थकतात आणि लोक घड्याळ पाहू लागतात. त्यांना उभं राहून बोलायचं नसेल तर बसून बोलू द्या, किंवा एखाद्या तरुणीने दोन प्रश्न विचारून बोलतं करावं. आभार दोन मिनिटं, पसायदान, मग बटाटेवडा आणि चहा. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ एक माणूस ठेवा. गर्दीत पाया पडणाऱ्यांच्या रांगेत त्यांना उभं राहावं लागू नये, आणि त्यांची बशी रिकामी राहू नये.

कार्यक्रमानंतरची कामं

ते पदावरून उतरत असतील तर हस्तांतर नीट करा. संघ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेला असेल तर पदाधिकारी बदलल्याचा बदल अर्ज १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यावा लागतो. हे राहून गेलं तर नोटीस आली की ती जुन्या पत्त्यावर, म्हणजे त्यांच्याच घरी येते. बँकेत सह्यांचे अधिकार बदलण्याचा ठराव द्या. विभाग कार्यालयाला नव्या संपर्क व्यक्तीचं नाव लेखी कळवा. व्हॉट्सअॅप ग्रुपचं प्रशासन, ईमेलचा पासवर्ड, कपाटाची किल्ली, ठेकेदारांचे नंबर, सगळं यादी करून घ्या. लोकांना सांगा की यापुढे पाणी आलं नाही तर काकांना फोन करायचा नाही. पावसाळ्यात झाड पडलं किंवा पाणी तुंबलं तर पालिकेचा १९१६ आणि नव्या सचिवांचा नंबर प्रत्येक इमारतीच्या सूचना फलकावर लावा. त्यांना सल्लागार म्हणून ठेवायचं असेल तर सल्ला खरंच विचारा, महिन्यातून एकदा घरी जाऊन.

कायमची आठवण म्हणून रस्त्याला किंवा चौकाला नाव देण्याची सूचना हमखास येते. सार्वजनिक रस्त्याचं नामकरण महापालिकेच्या हातात आहे आणि हयात व्यक्तीचं नाव सहसा दिलं जात नाही. तो विषय त्यांच्यासमोर काढूच नका. त्यांच्या नावाचं झाड लावायचं तर पाच वर्षं पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. त्यापेक्षा त्यांचं अर्धवट राहिलेलं एखादं काम उचला. वहीच्या चौथ्या रकान्यात ‘झालं नाही’ लिहिलेल्यांपैकी एक त्यांना निवडू द्या, आणि त्याचा पाठपुरावा नव्या समितीच्या पहिल्या वर्षाच्या कामात घाला.

फोटो आणि चित्रफीत आठ दिवसांत पोचवा. पेनड्राइव्हबरोबर छापील अल्बमही द्या. नोंदीच्या वहीच्या चार प्रती काढा: एक त्यांच्या घरी, एक संघाच्या कपाटात, एक जवळच्या वाचनालयात, आणि एक स्कॅन करून नव्या सचिवांकडे. त्या वहीत पुढची पानं कोरी सोडा आणि दर वार्षिक सभेआधी त्या वर्षाच्या नोंदी करायला एका माणसाचं नाव ठरवून द्या.